तालुक्याची बातमी: पत्रकारितेच्या तत्त्वांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्रकारितेवरची चर्चा बहुधा दिल्लीतल्या स्टुडिओंवर येऊन थांबते. इथले प्रश्न तालुका आणि जिल्हा पातळीवरचे आहेत. वार्ताहर, पोर्टल चालवणारे, चॅनलचा माइक (बूम) घेऊन फिरणारे आणि त्यांच्या बातम्या वाचणारे लोक हे प्रश्न विचारतात. कलमांचे आकडे नव्या फौजदारी कायद्यांनुसार दिले आहेत. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिता (भादंवि) लागू नाही, तरी अनेक डेस्कवर अजून तिचीच कलमे छापली जातात.

प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. मग बातमीदार कशाला हवा?

घटना कळवायला बातमीदार लागत नाही, हे मान्य करून टाकलेले बरे. अपघाताचा व्हिडिओ पोलिस पोहोचण्याआधी गावाच्या ग्रुपवर असतो. बातमीदाराकडे दोन कामे उरतात. जे फिरते आहे त्यातले खरे किती ते सांगणे हे पहिले. दुसरे म्हणजे जे कुणीच फिरवणार नाही ते शोधणे: पाणीपुरवठा योजनेचे शेवटचे देयक कधी निघाले, ग्रामसभा कोरमअभावी किती वेळा तहकूब झाली, आश्रमशाळेत अधीक्षिकेचे पद किती महिने रिकामे आहे. असल्या गोष्टी व्हायरल होत नाहीत.

पहिले काम न झाल्यास काय होते, ते धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. टोळीच्या अफवा त्याआधीपासून मोबाइलवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली.

अशा वेळी ‘टोळीच्या चर्चेने पालक धास्तावले’ हा मथळा चुकीचाच, कारण तो अफवेला छापील वजन देतो. पोलिस ठाण्यात जाऊन गेल्या महिन्याभरात मुले बेपत्ता झाल्याच्या किती तक्रारी आल्या, त्यातली किती सापडली, ते विचारा. उत्तर शून्य असेल तर ते शून्यच मथळ्यात घ्या. व्हायरल व्हिडिओतला फोटो बातमीसोबत पुन्हा छापू नका. वाचक मजकूर विसरतात, चेहरा विसरत नाहीत.

तत्त्वे नेमकी कुठे लिहून ठेवली आहेत?

पत्रकारांसाठी वेगळा घटनात्मक हक्क नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ) मधले अभिव्यक्तिस्वातंत्र्य कुठल्याही नागरिकाला जेवढे, तेवढेच संपादकाला, आणि १९(२) मधली बंधनेही तीच. व्यवसायाची आचारसंहिता भारतीय प्रेस कौन्सिलने काढली आहे. अचूकता, खासगीपणा, प्रत्युत्तराचा हक्क, जातीय तणावाच्या बातम्या अशा बाबींवर तिच्यात तपशीलवार नियम आहेत. ती पाठ करण्यापेक्षा रोजच्या कामात कोणत्या टप्प्यावर काय तपासायचे हे ठरवून ठेवणे जास्त उपयोगाचे. तत्त्वे मोडतात ती बहुधा रात्री साडेनऊला, पान सोडायची घाई असताना.

बातमीची खातरजमा किमान किती करायची?

‘दोन सूत्रे’ हा नियम सगळ्यांना माहीत असतो, पण तो फसतो एकाच जागी: दोन्ही सूत्रांनी तीच गोष्ट एकाच तिसऱ्या माणसाकडून ऐकलेली असते. तलाठी आणि मंडळ अधिकारी दोघांनीही तहसीलदारांच्या बैठकीत ऐकलेले सांगितले, तर ते सूत्र एकच. म्हणून प्रत्येकाला एक जादा प्रश्न विचारायचा: ‘तुम्ही स्वतः पाहिले, वाचले, की ऐकले?’

कागद मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी त्यांनी कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींच्या छळाचा विषय हाती घेतला. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावाची पत्रे त्यांच्या हाती आली होती. ती बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू चांगला होता, विषय लोकहिताचा होता, दोघांची बुद्धी असामान्य होती. यातले काहीच कोर्टात उपयोगी पडले नाही. आपल्याला जे आधीच खरे वाटते त्याला दुजोरा देणारा कागद आला की हात आपोआप सैल पडतो, आणि नेमकी तिथेच दुप्पट तपासणी लागते.

कागद तपासताना हा क्रम ठेवा: तो कुणी दिला आणि त्याच्याकडे कसा आला, जावक क्रमांक आणि तारीख आहे का, त्या तारखेला सही करणारा अधिकारी खरोखर त्या पदावर होता का, ज्या कार्यालयाला पत्र गेले तिथल्या आवक नोंदवहीत त्याची नोंद आहे का. जमिनीच्या बातमीत नुसता सातबारा पुरत नाही. फेरफार पाहिल्याशिवाय जमीन कुणाकडून कुणाकडे, कधी आणि कशाच्या आधारे गेली ते कळत नाही. शिवाय सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून मालकीचा वाद मिटला, असेही होत नाही.

शासन निर्णयाचा पीडीएफ ग्रुपवर आला. खरा कसा ओळखायचा?

महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांचा विभाग आहे. प्रत्येक निर्णयाच्या शेवटी १८ अंकी सांकेतांक छापलेला असतो, तो तिथे टाकून शोधा. त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस असे असतात. ते कागदावरच्या तारखेपासून फार लांब असतील तर थांबा. सांकेतांक मिळाला तरी संकेतस्थळावरची प्रत उघडून मजकूर ताडून पाहा, कारण खऱ्या निर्णयाचा क्रमांक ठेवून आतला परिच्छेद बदलल्याचे प्रकार होतात. शाळांना सुट्टी, नोकरभरती आणि अनुदान या तीन विषयांवर बनावट कागद सर्वांत जास्त फिरतात. परिपत्रक, अधिसूचना आणि शासन निर्णय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही बातमीत पाळा.

व्हिडिओ खरा आहे की जुना, हे साध्या मोबाइलवर कळते का?

बऱ्याचदा कळते. व्हिडिओतल्या तीन-चार स्पष्ट क्षणांचे स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्सवर टाका. पुराचे, बिबट्याचे आणि मारहाणीचे बरेच व्हिडिओ इथेच पकडले जातात: दोन वर्षांपूर्वीचे आणि भलत्याच राज्यातले. काही सापडले नाही म्हणजे व्हिडिओ खरा, असा मात्र अर्थ नाही.

नंतर चौकट पाहा. दुकानांच्या पाट्यांची लिपी, गाड्यांचे नंबर, एसटीवरचे आगाराचे नाव, शेतात उभे पीक. जूनमधला म्हणून आलेल्या व्हिडिओत तोडणीला आलेला ऊस दिसला तर शंका घ्यायला जागा आहे. आवाज बंद करून एकदा पाहा आणि चित्र न पाहता एकदा ऐका. बोली कुठली आहे ते ऐकताना पटकन लक्षात येते, चित्र पाहताना निसटते.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फाइलमध्ये चित्रीकरणाची वेळ आणि जागा उरत नाही. म्हणून ज्याने प्रत्यक्ष चित्रण केले त्याच्यापर्यंत जा आणि मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. तो त्याच जागेवरून थोडा आधी किंवा नंतर काढलेला दुसरा फोटो देऊ शकला तर विश्वास वाढतो. ‘मला पण दुसऱ्या ग्रुपवरून आला’ असे उत्तर मिळाले तर तुमच्याकडे अजून बातमी नाही.

आकड्यांत सर्वांत जास्त चुका कुठे होतात?

पाण्यात. धरणसाठ्याची बातमी रोज छापली जाते आणि रोज चुकते. उजनी घ्या. एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला उपयुक्त साठा सुमारे ५४, बाकीचा ६३ च्या आसपास मृतसाठा. टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. म्हणजे ‘उजनी शून्य टक्के’ असताना धरणात ६० टीएमसीहून जास्त पाणी असते, आणि त्याखाली गेले की ‘उणे’ आकडे सुरू होतात. ‘उजनी कोरडे’ हा मथळा त्यामुळे खोटा. पण ‘अजून साठ टीएमसी आहे, काळजी नको’ हेही दिशाभूल करणारे, कारण मृतसाठ्यातले सगळे पाणी नेहमीसारखे वापरता येत नाही. दोन्ही आकडे एकाच वाक्यात द्या.

एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, म्हणजेच सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर (दलघमी). क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर साधारण ११,५७४ क्युसेक विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी जाते. हे एवढे गणित डेस्कवर चिकटवून ठेवले तर ‘एका रात्रीत दहा टीएमसी सोडले’ यासारखी वाक्ये वेळीच अडतील. वाढीचा वेग आणि साठा यांचीही गल्लत होते: टीएमसी हा साठा, क्युसेक हा प्रवाह.

पावसाचे तसेच. अतिवृष्टी धरायची ती महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर. तालुक्याची सरासरी ४० आली म्हणून ‘अतिवृष्टी नाही’ असे लिहिले आणि एका मंडळात ९० पडलेला असला, तर त्या मंडळातल्या शेतकऱ्याच्या पंचनाम्याच्या मागणीवर तुमच्या बातमीने पाणी ओतले.

टक्क्यांबद्दल थोडक्यात: मतदान ६० वरून ६६ टक्क्यांवर गेले तर टक्केवारी सहाने वाढली, पण मूळच्या तुलनेत वाढ दहा टक्के झाली. कोणते सांगतो आहोत ते लिहा. आणि एका गावात अपघात दोनावरून चार झाले तर ‘शंभर टक्के वाढ’ न लिहिता ‘दोनाचे चार’ लिहा.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकतो, पण उत्तर काहीच मिळत नाही. काय चुकते?

बहुतेकदा प्रश्नाची घडण. ‘रस्त्याचे काम निकृष्ट का झाले?’ याला जन माहिती अधिकारी उत्तर देत नाही, कारण कायद्याने माहिती म्हणजे कार्यालयात असलेली नोंद. त्याऐवजी मागा: अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत, अंतिम देयक, गुणवत्ता चाचणीचे अहवाल. कामाचे नाव आणि आर्थिक वर्ष अचूक द्या. ‘सर्व माहिती’ हे शब्द अर्जात नकोत.

महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क दहा रुपये. कोर्ट फी स्टॅम्प चालतो. उत्तराची मुदत ३० दिवस; व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंध असेल तर ४८ तास. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. दुसऱ्या अपिलाला सुनावणी मिळायला खूप वेळ जातो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा. बरीच कागदपत्रे तिथेच मिळून जातात. प्रती मागण्याऐवजी फाइलची पाहणी मागता येते आणि अनेकदा तीच जास्त उपयोगी पडते, कारण टिपणीच्या पानावर कुणी काय शेरा मारला ते दिसते.

अर्ज टाकण्याआधी कलम ४ खाली कार्यालयाने स्वतःहून काय जाहीर केले आहे ते पाहा. रोजगार हमीची मस्टर आणि ग्रामपंचायतीचे खर्चाचे तपशील ऑनलाइन असतात. कंत्राटांच्या निविदा राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर दिसतात.

व्यक्तिगत माहिती नाकारण्याची मुभा देणाऱ्या, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने बदल केला आहे. पूर्वी त्या कलमातच असलेली सार्वजनिक हिताची अट गेली. आता लोकहिताचा मुद्दा कलम ८(२) च्या आधारे अर्जात आणि अपिलात स्वतः मांडावा लागतो. पत्रकारितेसाठी डेटा संरक्षण कायद्यात वेगळी सूट नाही.

अर्ज टाकून ‘तोडपाणी’ करणाऱ्यांनी माहिती अधिकार कायद्याचे जेवढे नुकसान केले, तेवढे कुठल्या आडमुठ्या बाबूनेही केले नसेल.

‘प्रतिक्रियेसाठी संपर्क होऊ शकला नाही’ असे लिहिले की पुरते ना?

रात्री नऊला एक मिस्ड कॉल देऊन हे वाक्य लिहायचे नसते. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप नेमका काय ते कळले पाहिजे आणि उत्तरापुरता वेळ मिळाला पाहिजे. फोन करा; उचलला नाही तर लेखी प्रश्न मेसेज आणि मेल दोन्हींवर पाठवा, उत्तर कधीपर्यंत हवे ते लिहा. पुराची किंवा आगीची बातमी तासाभरात द्यावी लागते. तीन महिने जुन्या घोटाळ्याला मात्र एक दिवस थांबल्याने काही होत नाही. पाठवलेल्या प्रश्नांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. उत्तर आले तर ते आरोपाइतक्याच वरच्या भागात घ्या, शेवटच्या परिच्छेदात ‘दरम्यान’ लावून नव्हे.

दुसरी बाजू घेणे म्हणजे सत्य-असत्याला समान जागा देणे नव्हे. पूल पडला आहे आणि अधिकारी म्हणतो की पडला नाही, तर दोघांचे म्हणणे छापून घरी जायचे नसते. पुलावर जाऊन यायचे असते.

‘सूत्रांनी सांगितले’ कधी लिहावे?

नाव दिल्याने माणसाची नोकरी, जीव किंवा घर धोक्यात येत असेल तेव्हाच, आणि तेही त्याला प्रत्यक्ष माहीत असलेल्या गोष्टीपुरते. निनावी माणसाकडून दुसऱ्याच्या चारित्र्यावर मत घेऊ नका. संपादकाला सूत्राचे नाव माहीत हवे.

भारतात सूत्र गुप्त ठेवण्याचा पक्का कायदेशीर हक्क नाही. प्रेस कौन्सिल कायद्याचे कलम १५(२) सूत्र सांगण्याची सक्ती करत नाही, पण ते कौन्सिलपुढच्या कामकाजापुरते. न्यायालय किंवा तपास यंत्रणा विचारू शकते. म्हणून सूत्राला वचन देताना झेपेल तेवढेच द्या. त्याचा नंबर मोबाइलमध्ये खऱ्या नावाने ठेवू नका. आणि त्याने पाठवलेला कागद जसाच्या तसा छापू नका: कोपऱ्यातली पेनाची खूण, झेरॉक्सची रेघ किंवा फाइलमधले नाव यावरून कार्यालयात तो अर्ध्या तासात ओळखला जातो.

कुणाची नावे छापायची नाहीत?

लैंगिक अत्याचाराच्या पीडितांची ओळख छापणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. पीडित बालक असेल तर पॉक्सोचे (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचे) कलम २३ लागते. त्यात नावाबरोबर पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, परिसर हे सगळे येते. बालन्याय कायद्याचे कलम ७४ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांनाही लागू आहे. पीडितेचा मृत्यू झाला म्हणून बंधन उठत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

गावपातळीवर चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. मुलीचे नाव गाळले जाते, पण गावाचे नाव, इयत्ता आणि आरोपीचे नाते छापले जाते. आठशे वस्तीच्या गावात तेवढे पुरे. आरोपी वडील किंवा सावत्र वडील असेल आणि त्याचे पूर्ण नाव छापले, तर मुलीचे नाव छापल्यासारखेच झाले. अशा बातमीत एकतर नाते द्या किंवा आरोपीचे नाव, दोन्ही नको. आणि गावाऐवजी तालुका लिहा. शिवाय एका दैनिकाने नाते दिले आणि दुसऱ्याने नाव दिले तर वाचक दोन्ही जोडतात. त्यामुळे तालुक्यातल्या बातमीदारांनी याबाबतीत आपसात एकच पद्धत ठरवावी. स्पर्धा इतर बातम्यांत करता येते.

आत्महत्येची बातमी कशी द्यावी?

शक्यतो आतल्या पानावर, पद्धत आणि जागा न सांगता, चिठ्ठी न छापता आणि एकच कारण न चिकटवता. ‘मोबाइल न दिल्याने’ असे मथळे टाळा. कारण जवळजवळ कधीच एक नसते. सोबत टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्या. शेतकरी आत्महत्यांत कर्ज, पीक, पाणी यांची माहिती जरूर हवी, पण कुटुंबाच्या रडणाऱ्या चेहऱ्यांशिवाय.

संशयित, आरोपी, दोषी: फरक पडतो का?

पडतो. तक्रार झाली की संशयित, गुन्हा नोंदला गेला की आरोपी, न्यायालयाने ठरवले की दोषी. ‘अट्टल चोरटा जेरबंद’ हे पोलिसांच्या प्रेसनोटमधले वाक्य आहे. ते उचलून छापताना ते तुमचे होते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनावर निकाल देताना माध्यमांनी चालवलेला खटला न्यायप्रक्रियेत अडथळा ठरतो, असे म्हटले.

एफआयआरची प्रत पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते, संवेदनशील गुन्हे सोडून. ती वाचाच, कारण प्रेसनोट आणि एफआयआर यांत तफावत असते. अटकेची बातमी जेवढ्या ठळकपणे छापली, तेवढ्याच ठळकपणे निर्दोष सुटल्याची द्यायची. त्यासाठी डायरीत गुन्हा क्रमांक लिहून ठेवा, नाहीतर चार वर्षांनी निकाल लागतो तेव्हा कुणालाच आठवत नाही.

‘कथित’ लावले की बदनामीचा खटला टळतो?

नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. बचाव मिळतो तो सत्य असणे आणि ते लोकहिताचे असणे या दोन्ही गोष्टी दाखवता आल्या तर, किंवा सद्भावनेने केलेली रास्त टीका असेल तर. कोर्टात ‘कथित’ हा शब्द मोजला जात नाही, तुमची वही आणि कागदपत्रे मोजली जातात. बातमी आणि मत वेगळे ठेवा. मथळा बातमीच्या पुढे धावू देऊ नका. बरेच खटले मजकुरावर नव्हे, मथळ्यावर उभे राहतात.

जाहिरात आणि बातमी यांत रेघ कशी ओढायची? पगार तर जाहिरातीवरच चालतो.

तालुका पत्रकारितेचा हा सर्वांत दुखरा भाग आहे, आणि आचारसंहितेची पुस्तके इथे गप्प असतात. बहुतेक वार्ताहरांना नियमित पगार नसतो. मानधन नाममात्र, मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. म्हणजे ज्या कारखान्याच्या अध्यक्षाच्या वाढदिवसाची पुरवणी मार्चमध्ये मिळवायची, त्याच कारखान्याने एफआरपी (उसाचा कायद्याने ठरलेला किमान दर) थकवल्याची बातमी फेब्रुवारीत लिहायची. असा माणूस गप्प राहिला तर त्यात त्याच्या नीतिमत्तेइतकीच मालकाच्या रचनेची चूक आहे. जाहिरात आणि बातमी एकाच माणसाकडे देणारी संस्था निःपक्षपणाची अपेक्षा करते तेव्हा तिला ते बहुधा नकोच असते.

तरी काही गोष्टी हातात आहेत. पैसे घेतलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ हा शब्द वाचता येईल एवढा मोठा हवा. ‘विशेष उपक्रम’ किंवा ‘मीडिया पार्टनर’ यातून वाचकाला काही कळत नाही. जाहिरातदाराविरुद्धची बातमी असेल तर ती दुसऱ्या सहकाऱ्याने करावी किंवा थेट जिल्हा कार्यालयाकडे द्यावी. पत्रकार परिषदेत मिळणारे पाकीट परत करण्याची सोपी पद्धत म्हणजे ते न उघडता तिथेच, सगळ्यांसमोर देणे. नंतर परत करायला गेलात तर कुणाचा विश्वास बसत नाही.

निवडणुकीत हा प्रश्न उघडा पडतो. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः छापून आल्यावर ‘पेड न्यूज’ देशभर गाजली आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलने त्यावर अहवाल काढला. आता प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. तिने एखादी बातमी पेड ठरवली तर तिचा खर्च उमेदवाराच्या खर्चात धरला जातो. वाचकांनी ओळखायच्या खुणा: बातमीला बातमीदाराचे नाव नाही, विरोधकाचा उल्लेख नाही, विशेषणे भरपूर, आणि तोच परिच्छेद दुसऱ्या पेपरात.

यूट्यूब चॅनल चालवणारा पत्रकार असतो का?

पत्रकारितेला परवाना लागत नाही, त्यामुळे काम पत्रकाराचे असेल तर तो पत्रकार. गाडीवरच्या ‘प्रेस’ स्टिकरला कायद्यात किंमत नाही. शासनाची अधिस्वीकृती (पत्रकार म्हणून शासकीय मान्यता) माहिती व जनसंपर्क महासंचालनालयामार्फत मिळते. ती काही सोयी-सवलतींसाठी असते, पत्रकार असल्याचे प्रमाणपत्र म्हणून नव्हे. छापील नियतकालिकाची नोंदणी १ मार्च २०२४ पासून नव्या प्रेस व नियतकालिक नोंदणी कायद्याखाली ऑनलाइन होते. १८६७ चा कायदा संपला. हा नवा कायदा संकेतस्थळांना आणि चॅनलना लागू नाही. ‘आमचे चॅनल सरकारमान्य’ असे कुणी सांगत असेल तर कोणत्या कायद्याखाली, ते विचारा.

‘मूकनायक’ तर उघड एका बाजूचा होता. मग निःपक्षपणाचा आग्रह कशाला?

बाजू असणे आणि तथ्य वाकवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, कारण त्यांना राज्यकर्ते आणि रयत दोघांशी बोलायचे होते. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले कारण तेव्हाच्या पत्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नांना जागाच नव्हती. जे स्वतःला सर्वांचे म्हणवत होते त्यांच्याकडे कुणाची बातमी येत नव्हती, हे त्यातून दिसले. आजच्या पानावरही हे मोजता येते: आठवडाभराच्या अंकातली नावे लिहून काढा आणि त्यांत स्त्रिया किती, पारधी-कातकरी वस्त्यांतले किती, ऊसतोड मजूर किती ते पाहा. त्यांची नावे फक्त गुन्ह्याच्या पानावर येत असतील तर गडबड आहे.

जातीचा उल्लेख अत्याचाराच्या बातमीत अनेकदा आवश्यक असतो, कारण गुन्ह्याचे कारणच ते असते. चोरीच्या बातमीत तो नको.

एआय वापरावे का?

मुलाखतीचे शब्दांकन, लांब अहवालातला विषय शोधणे यासाठी खुशाल. पण अवतरण मूळ ध्वनिफितीशी ताडल्याशिवाय छापू नका. यंत्र वाक्य ‘सुधारते’ आणि माणसाने न म्हटलेले त्याच्या तोंडी घालते. गावांच्या नावांत ते हमखास घसरते: शिरूर पुण्यात आहे, शिरूर कासार बीडमध्ये, शिरूर अनंतपाळ लातूरमध्ये, कर्जत रायगडातही आहे आणि अहिल्यानगरातही, खेड पुण्यातही आणि रत्नागिरीतही. निकालपत्राचा सारांश यंत्राकडून घेतलात तरी शेवटचा आदेशाचा भाग स्वतः वाचा. घटनेचे बनवलेले चित्र बातमीत कधीच नको, खाली ‘प्रतीकात्मक’ लिहूनही नको.

चुकीच्या बातमीविरुद्ध तक्रार कुठे करायची?

छापील वृत्तपत्र असेल तर आधी संपादकाला लेखी. दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिलकडे. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत. कात्रण, संपादकाला पाठवलेल्या पत्राची प्रत आणि प्रकरण न्यायालयात प्रलंबित नसल्याचे निवेदन सोबत लागते. वकील लागत नाही. कौन्सिल ताकीद देते, निर्भर्त्सना करते. दंड किंवा शिक्षा करू शकत नाही. टीव्ही आणि पोर्टल तिच्या कक्षेत येत नाहीत.

वाहिनीची तक्रार आधी वाहिनीकडे, प्रसारणापासून सात दिवसांत. ती एनबीडीएसए या वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेची सदस्य असेल तर पुढे तिथे. पोर्टलसाठी २०२१ च्या आयटी नियमांत तक्रार अधिकारी आणि १५ दिवसांत निर्णय अशी रचना होती, पण त्या नियमांतल्या मुख्य तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. व्यवहारात पोर्टलच्या संपादकाला नेमकी चूक, पुरावा आणि हवी असलेली दुरुस्ती तीन ओळींत लिहिणे सर्वांत लवकर लागू पडते.

धमकी आली तर?

पहिल्याच धमकीची लेखी तक्रार द्या, तोंडी नको. महाराष्ट्रात २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा आहे: हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. तक्रारीत या कायद्याचे नाव स्वतः लिहा, कारण ठाण्यात तो अनेकदा लावला जात नाही. व्याख्या माध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी काम करणाऱ्यांभोवती आहे, म्हणून नेमणुकीचे पत्र मागून घ्या. वर्षानुवर्षे तोंडी नेमणुकीवर काम करणाऱ्या वार्ताहराला ऐनवेळी संस्था ओळखत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात शशिकांत वारिशे यांना गाडीने चिरडले. प्रस्तावित रिफायनरीच्या संदर्भातली त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. धोका असलेली बातमी एकट्याच्या नावावर ठेवू नका. दोन-तीन दैनिकांनी एकाच दिवशी दिली तर एका माणसावरचा रोख कमी होतो. कागदांची एक प्रत तालुक्याबाहेर ठेवा.

जुनी बातमी संकेतस्थळावरून काढा, अशी विनंती आली. काय करावे?

सरसकट काढू नका, सरसकट नाकारूही नका. बातमी चुकीची असेल तर दुरुस्त करा आणि काय बदलले ते तारखेसह खाली लिहा. गुपचूप बदल केला तर जुना स्क्रीनशॉट कुणीतरी काढतोच. बातमी तेव्हा बरोबर होती पण पुढे माणूस निर्दोष सुटला, तर निकालाची प्रत मागवा आणि बातमीच्या सुरुवातीलाच तो निकाल घाला. किरकोळ गुन्हा, सामान्य माणूस आणि बरीच वर्षे गेलेली असतील तर नाव गाळून बातमी ठेवता येते. लोकप्रतिनिधी, ठेकेदार किंवा अधिकारी असेल तर बातमी राहते. विनंती, पुरावा आणि घेतलेला निर्णय यांची एक नोंदवही ठेवा, आणि काढण्यासाठी कुणी पैसे देऊ करत असेल तर तेही तिच्यात लिहा.